छोट्या रानपक्ष्यांच्या फिगर जमवायच्या आहेत? मग आधी हे वाचा

माझा संग्रह एका खंड्यापासून सुरू झाला. भाची जपानहून सुट्टीला आली होती. तिथल्या मशीनमध्ये नाणी टाकून, खटका फिरवून जो प्लास्टिकचा गोळा बाहेर पडतो, त्यातून निघालेला जेमतेम साडेतीन सेंटीमीटरचा खंड्या तिने माझ्या तळहातावर ठेवला. भिंग लावून पाहिलं तर त्याची वरची चोच काळी आणि खालची नारिंगी-लाल. छोट्या खंड्याची मादी नेमकी अशीच असते, नराची चोच वर-खाली दोन्हीकडे काळी असते. पुण्याजवळ कवडी पाटला मी वर्षानुवर्षं तो पक्षी पाहत होतो, आणि एवढ्याशा खेळण्यात कुणीतरी नर-मादीचा फरक सांभाळला होता. त्या दिवसापासून हा नाद लागला.

पहिल्या वर्षी मी अशा ४० फिगर, म्हणजे पक्ष्यांच्या छोट्या प्रतिकृती, घेतल्या आणि पुढे त्यांतल्या २२ वाटून टाकल्या. चुकीच्या जाती, नकली माल, उन्हाने उडालेले रंग, असं सगळं झालं. तुमचे पैसे आणि वेळ वाचावा म्हणून क्रमाने लिहितो.

लागणारं सामान

- आपल्या भागातल्या पक्ष्यांचं एक चांगलं सचित्र पुस्तक
- दहापट मोठं दाखवणारं भिंग
- मोजपट्टी, जमल्यास व्हर्नियर (मिलिमीटरहून बारीक मोजणारं साधन)
- मऊ केसांचे दोन ब्रश (मेकअपचा नवा ब्रश उत्तम)
- झिपच्या छोट्या पिशव्या, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, ब्लू टॅक (पुन्हा काढता येणारा, मळलेल्या कणकेसारखा चिकट गोळा)
- नोंदींसाठी वही किंवा एक्सेलची फाइल
- परदेशातून मागवणार असाल तर: ऑर्डरचं बिल, पैसे भरल्याची पावती आणि ओळखपत्राची स्कॅन प्रत

१. खरेदीआधी यादी करा

दुकानात शिरल्यावर सगळेच पक्षी सुंदर दिसतात. टूकन, पेंग्विन, टकल्या गरुड घरी येतात आणि वर्षभराने कपाटात एका खेळण्याच्या दुकानाचा तुकडा उभा राहतो. म्हणून सीमा आखून घ्या. माझी सीमा अशी: मी स्वतः पाहिलेल्या जातीचीच फिगर घ्यायची. तुमची वेगळी असू शकते. फक्त पाणपक्षी, फक्त घुबडं, फक्त महाराष्ट्रातले पक्षी, काहीही चालेल. पण ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पहिल्या यादीत १० ते १५ नावं पुरे. त्यांत फिगर सहज मिळणारे पक्षी ठेवा: मोर, रोहित (फ्लेमिंगो), गव्हाणी घुबड, छोटा खंड्या, छोटा बगळा. हळद्या, तांबट, नाचण, दयाळ ही नावं मनात असतील तर लिहा जरूर, पण ती मिळायला वेळ लागेल. मोठ्या कंपन्या युरोप-अमेरिकेतल्या मुलांना ओळखीचे पक्षी आधी करतात. आपल्या अंगणातले पक्षी त्यांच्या यादीत फार थोडे आहेत.

२. नावावर जाऊ नका, पक्षी ओळखा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

जपानी संचात चिमणी हमखास असते. आपण आनंदाने घेतो, आणि ती आपली चिमणी नसते. जपानमध्ये घरांजवळ राहणारी चिमणी वेगळ्या जातीची आहे, शास्त्रीय नाव पॅसर मॉन्टॅनस. तिचा सगळा माथा तपकिरी असतो आणि पांढऱ्या गालावर काळा ठिपका असतो. आपल्या चिमण्याचा, म्हणजे पॅसर डोमेस्टिकसच्या नराचा, माथा राखाडी असतो, गळ्याखाली काळा डाग असतो आणि गालावर ठिपका नसतो. शिवाय आपल्याकडे नर-मादी लगेच वेगळे ओळखू येतात, त्या जातीत दोघं सारखेच दिसतात. गालावर ठिपका दिसला की समजा, पाहुणी आली.

चष्मेवाल्याचंही असंच. डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला हिरवा पक्षी जपानी फिगरमध्ये पुष्कळ सापडतो, पण त्याच्या कुशी तपकिरी छटेच्या असतात. आपल्या चष्मेवाल्याचं पोट राखट पांढरं असतं. ‘रॉबिन’ म्हणून मिळणारी नारिंगी छातीची युरोपातली फिगर म्हणजे आपला दयाळही नाही आणि चिरकही नाही. ‘कावळा’ म्हणून मिळणारा पक्षी बहुधा पूर्ण काळा असतो. तो फार तर डोमकावळ्याच्या जागी चालेल, राखाडी मानेच्या आपल्या गावकावळ्याच्या जागी नाही.

रोहितच्या बाबतीत मी स्वतः तीनदा फसलो. बाजारातल्या बहुतेक फिगर गडद गुलाबी किंवा भगव्या-गुलाबी असतात. तो रंग अमेरिकेकडच्या रोहितचा. भिगवणला उजनीच्या पाण्यावर दिसणारा मोठा रोहित बराचसा पांढरा असतो, त्यावर गुलाबी झाक, गुलाबी चोच आणि चोचीचं टोक काळं. ठाण्याच्या खाडीत मोठ्या थव्यांनी उतरणारा छोटा रोहित जास्त गुलाबी असला तरी त्याची चोच गडद, काळपट लाल असते. म्हणजे रोहितची फिगर घेताना आधी चोच बघायची, अंगाचा रंग नंतर.

उलट काही पक्षी दोन्हीकडे तेच आहेत. छोटा खंड्या युरोपपासून जपानपर्यंत एकच जात आहे. छोटा बगळाही तसाच: चोच काळी, पाय काळे, बोटं पिवळी. बोटं पिवळी रंगवलेली दिसली की ती फिगर करणाऱ्याने पक्षी पाहिलेला आहे असं मी मानतो, आणि मग त्याच संचातले बाकीचे पक्षीही विश्वासाने घेतो. हुदहुद आणि गव्हाणी घुबडाच्या बाबतीतही फारशी अडचण येत नाही.

सवय अशी लावा: विकत घेण्याआधी फिगरचा फोटो आणि पुस्तकातलं चित्र शेजारी ठेवायचं. चोच, डोळ्याजवळचा भाग, पायांचा रंग, शेपटीची लांबी, या चार गोष्टी जुळल्या की घ्या.

३. कोणत्या प्रकारच्या फिगर मिळतात

पहिला प्रकार मोठ्या खेळणी-कंपन्यांचा. १९३५ साली फ्रीडरिख श्लाइख यांनी सुरू केलेली जर्मनीची श्लाइख, १९८२ सालची अमेरिकेतली सफारी लिमिटेड, फ्रान्सची पापो, आणि कलेक्टए. यांच्या फिगर भरीव, दणकट आणि हाताने रंगवलेल्या असतात. पक्षी साधारण ५ ते १० सेंटीमीटरचे. सफारीचे लहान पक्षी पारदर्शक नळीतही मिळतात, एका नळीत बरेच. ते स्वस्त पडतात, पण रंगकाम ढोबळ असतं.

दुसरा प्रकार जपानी. माझं मन इथे आहे. १९९९ मध्ये फुरुता या मिठाई कंपनीने चॉकलेटच्या अंड्यात जपानी प्राण्यांच्या फिगर घातल्या. त्या घडवल्या ओसाकाकडच्या काइयोदो या कंपनीने, आणि शिल्पकार होते मात्सुमुरा शिनोबू. अंड्यात मावावी म्हणून फिगर सुट्या तुकड्यांत असायची, घरी जोडायची. एवढ्या लहान आकारात इतकं शास्त्रशुद्ध काम करता येतं हे त्या अंड्यांनी दाखवलं. आज मशीनमधून निघणाऱ्या गोळ्यांतले पक्षी त्याच वाटेने आलेले आहेत. आता एका गोळ्याला साधारण ३०० ते ५०० येन पडतात. आत घडी घातलेला कागद असतो, त्यावर पूर्ण संचाची चित्रं असतात. तो कागद कधीही टाकू नका. पुढे ओळख पटवायला तोच पुरावा.

तिसरा प्रकार आपल्या मातीतला. सावंतवाडीच्या चितार आळीत फळं-भाज्यांच्या जोडीने लाकडी पक्षीही मिळतात. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी काळ्या कुड्याच्या लाकडाची, चरकावर (लेथवर) घडवून लाखेने रंगवलेली. आंध्र प्रदेशातल्या कोंडपल्लीची हलक्या, मऊ पोनिकी लाकडाची. इथे जात नेमकी जुळेल अशी अपेक्षा धरू नका. पोपट पोपटासारखा आणि मोर मोरासारखा दिसला की झालं. मी यांच्यासाठी वेगळा कप्पा ठेवला आहे. दिवाळीच्या आधी कुंभारवाड्यात किल्ल्यावरची चित्रं विकायला येतात, त्यांत मावळ्यांच्या आणि वाघाच्या मागे मातीचे बगळे, मोर, बदकंही असतात. ती दरवर्षी थोडी बदलतात, म्हणून दरवर्षी एक तरी घ्या. माझ्याकडच्या सगळ्यात जुन्या पक्ष्याला एक पंख नाही, आणि तो अशाच एका किल्ल्यावरचा आहे.

४. कुठून घ्यायच्या

सुरुवात खेळण्यांच्या दुकानातून करा, कारण हातात घेऊन पाहता येतं. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटचा परिसर, पुण्यात तुळशीबाग आणि आसपास. दुकानदाराला ‘बर्ड’ न म्हणता ‘ॲनिमल फिगर दाखवा’ म्हणा. पक्षी प्राण्यांच्या खोक्यात तळाशी पडलेले असतात आणि दुकानदारालाही ते ठाऊक नसतं. पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी किंवा रविवारी, वापरलेल्या खेळण्यांचे ढीग असतात. सकाळी लवकर जा.

जुन्या बाजारात एक गोष्ट कटाक्षाने पाळा. कुणी भुसा भरलेला खरा पक्षी, घुबडाचं नख, रानपक्ष्याची अंडी किंवा घरटं दाखवलं तर हात लावू नका, कितीही जुनं असलं आणि कितीही स्वस्त असलं तरी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे असा व्यवहार गुन्हा ठरू शकतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, पक्ष्यांवरच्या प्रेमापोटी केलेल्या संग्रहात मेलेल्या पक्ष्याला जागा असू नये असं मला मनापासून वाटतं.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून तीन फोटो मागा: समोरून, बाजूने आणि पोटाखालून. जाहिरातीतला फोटो कंपनीचा असतो, तुमच्याकडे येणारी वस्तू वेगळी असू शकते.

५. परदेशातून मागवताना

बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. दर आणि सवलती बदलत राहतात, त्यामुळे मागवण्याच्या आठवड्यातला दर कुरिअर कंपनीला विचारूनच पुढे जा. ५०० रुपयांची फिगर, तिच्यावर टपालखर्च, त्यावर शुल्क आणि कुरिअरचा हाताळणी-आकार, असं करता करता ती दीड हजाराला पडते. पहिल्या ऑर्डरीला मी हा हिशेब केला नव्हता.

शिवाय १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे. त्यामुळे बाहेरून २०-३० नगांचं खोकं मागवलं तर ते विक्रीसाठी आहे असा संशय येऊन अडकू शकतं. थोडं मागवा, बिल खरं असू द्या. ‘भेटवस्तू लिहून किंमत कमी दाखवतो’ असं विक्रेता म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे येणारं-जाणारं माणूस. त्याला नुसतं ‘पक्षी आण’ सांगू नका. संचाचं चित्र आणि हव्या त्या फिगरवर खूण करून पाठवा. मशीनमधून काय निघेल ते हातात नसतं, म्हणून सुटी फिगर विकणारं जुन्या खेळण्यांचं दुकान गाठायला सांगा. भाचीने माझ्यासाठी एका बगळ्यापायी सात गोळे काढले आणि त्यांतून चार वेळा तेच बदक निघालं. त्यानंतर मी तिला मशीनकडे पाठवलेलं नाही.

६. हातात आल्यावर तपासणी

पोटाखाली, शेपटीखाली किंवा पायथ्यावर कंपनीचं नाव आणि साल कोरलेलं असतं. इथे नवखे हमखास चुकतात. ते साल मूळ नमुना घडवल्याचं असतं, तुमची फिगर कारखान्यातून निघाल्याचं नाही. २००५ कोरलेली फिगर २०१२ मध्येही तयार झालेली असू शकते. ‘जुनी आहे’ म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर नुसत्या त्या आकड्यावर देऊ नका.

नकली माल ओळखायच्या खुणा: आतून पोकळ आणि हलका, साच्याची जोडरेघ चोचीवरून गेलेली, डोळे दोन वेगळ्या उंचीवर, उग्र वास, आणि खाली कंपनीचं नावच नाही. घरात लहान मूल असेल तर असा माल आत आणूच नका, त्याचा रंग कशाचा आहे हे कुणालाच सांगता येत नाही. मूल तीन वर्षांखालचं असेल तर मशीनमधल्या छोट्या फिगरही कुलपात ठेवा, त्या घशात अडकण्याच्या आकाराच्या असतात.

७. वाकडे पाय, धूळ आणि पावसाळा

शेकाट्या, बगळा, रोहित यांचे पाय खोक्यात दाबून वाकडे होतात. हे दुरुस्त होतं. मऊ प्लास्टिकची फिगर असेल तर पाणी चांगलं गरम करा, पण उकळू देऊ नका. चिमट्याने धरून फक्त पाय अर्धा मिनिट बुडवा. पाय मऊ पडले की सरळ करा आणि तसेच धरून लगेच गार पाण्यात घाला. एकदा पुरलं नाही तर पुन्हा करा. जपानी जोडायच्या फिगरमधला कडक तुकडा मात्र वाकवायला जाऊ नका, तो तुटतो.

धूळ ब्रशने झाडा. चिकट मळ असेल तर कोमट पाण्यात दोन थेंब भांड्यांचा साबण. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको. एका घुबडाचा चेहरा मी असाच पुसून टाकला आहे.

ऊन लागलं की गुलाबी आणि पिवळा रंग आधी उडतो, म्हणून कपाट खिडकीसमोर नको. प्लास्टिकच्या फिगर एकमेकींना टेकवून किंवा मऊ प्लास्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं कोंबून ठेवू नका. त्या चिकट होतात आणि एकीचा रंग दुसरीला लागतो. प्रत्येक फिगर आधी पातळ कागदात गुंडाळा, मगच पिशवीत घाला.

लाकडी आणि मातीच्या पक्ष्यांना पावसाळा जड जातो. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी सगळे कप्पे रिकामे करतो, कोरड्या फडक्याने पुसतो, सिलिका जेलच्या नव्या पुड्या ठेवतो. कोकणात राहत असाल तर पुड्या दर महिन्याला बदला. मऊ लाकडाच्या खेळण्याखाली पिठासारखी भुकटी दिसली तर भुंगा लागला असं समजा आणि तो पक्षी त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळा करा.

८. मांडणी

सगळे पक्षी एकाच प्रमाणात मिळत नाहीत. १५ सेंटीमीटरची चिमणी फिगरमध्ये ४ सेंटीमीटरची, म्हणजे साधारण चौथा हिस्सा. सव्वा मीटर उंचीचा रोहित ९ सेंटीमीटरचा, म्हणजे चौदावा हिस्सा. शेजारी ठेवले तर चिमणी रोहितच्या गुडघ्याएवढी मोठी दिसते. उपाय म्हणजे अधिवासाप्रमाणे कप्पे करणे: पाणथळ, माळरान, जंगल, वस्ती. एका कप्प्यात आकाराचा फरक कमी खुपतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला निसर्ग विभाग यासाठी एकदा बघून या. पार्श्वभूमीचं चित्र, खरी वाटणारी जमीन आणि त्यात उभा पक्षी, यांची सांगड तिथे पाहून मी पाणथळीचा कप्पा पुन्हा मांडला.

बारीक पायांच्या पक्ष्यांना पायाखाली मटाराएवढा ब्लू टॅक लावा. दाराचा धक्का बसला की एक रोहित पडतो आणि जाताना चार बदकं घेऊन जातो.

९. न मिळणारे पक्षी

माळढोकाची चांगली फिगर मला बाजारात मिळाली नाही. हरियाल, महाराष्ट्राचा राज्यपक्षी, तोही नाही. अशा वेळी स्वतः रंगवायचं. जवळच्या बांध्याची साधी फिगर घ्या. हरियालासाठी कुठलंही कबूतर चालतं. साबणाने धुऊन वाळवा, प्रायमरचा पातळ थर द्या, मग ॲक्रिलिक रंग, शेवटी चमक नसलेलं वॉर्निश. हरियालाचे पाय पिवळे करायला विसरू नका, ती त्याची ओळख आहे. गडद गुलाबी रोहितला पांढरट करून भिगवणचा रोहित करणं हे पहिल्या प्रयत्नासाठी सगळ्यात सोपं काम. रंगवलेल्या फिगरच्या पोटाखाली तारीख आणि ‘पुन्हा रंगवलेली’ असं लिहा, म्हणजे पुढे ती कुणाला कंपनीची म्हणून विकली जाणार नाही.

१०. नोंद आणि अदलाबदल

वहीत प्रत्येक फिगरला क्रमांक, मराठी नाव, शास्त्रीय नाव, कंपनी, कोरलेलं साल, उंची, कुठून आणि कितीला घेतली, एवढं लिहा. मी आणखी एक रकाना ठेवतो: खरा पक्षी कुठे आणि कधी पाहिला. खंड्यापुढे ‘कवडी पाट, जानेवारी, सकाळी साडेसात, बाभळीच्या फांदीवर’ असं लिहिलेलं आहे. पाहुणे आले की फिगरपेक्षा ही वही जास्त वेळ हातात राहते.

जास्तीच्या फिगर विकण्यापेक्षा बदलून घ्या. पाठवताना चोच आणि पाय आधी कापसात गुंडाळा, मग सगळी फिगर कागदात, मग कडक डबीत. डबी हलवून कानाशी धरा. आत काहीही वाजलं तर उघडून आणखी कापूस घाला आणि मगच चिकटपट्टी लावा.